फळीदादा जंगल बघायला गेला

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. उद्यानात सगळे त्याला फळीदादा म्हणत. साहेब म्हणत, तिकीट खिडकीतली बाई म्हणे, आणि पुढे पुढे बायकोसुद्धा रागावली की दारातच विचारायची, "आले का फळीदादा? चिखलाचे बूट बाहेर."

काम साधं होतं. राष्ट्रीय उद्यानाच्या गेटापासून निघून घनदाट जंगलातून, दलदलीवरून, ओढ्याच्या कडेकडेने मोठ्या गुहेपर्यंत आणि गुहेच्या पोटातही थोडी आत एक लाकडी वाट जात होती. खाली पाय टेकायला जमीन अशी नव्हतीच. चिखल, मुळं आणि जळवा. म्हणून खांबांवर वासे, वाशांवर फळ्या आणि एका बाजूला कठडा. ही वाट चालती ठेवायची, एवढंच फळीदादाचं काम. माणसं लांबलांबून यायची, माना वर करून पक्षी बघायची, गुहेत शिरून तोंडाचा आ करायची आणि परत जायची. पायाखालच्या वाटेला कोण विचारतं!

बाहेरच्यांना वाटे, जंगलात खाणारी जनावरं असतात. फळीदादाच्या मते या जंगलात खाणारं तोंड एकच, आणि ते म्हणजे ओल. नवी फळी ठोकली की थोड्याच दिवसांत तिच्यावर हिरवी साय धरायची. मग शेवाळ यायचं, कडेला पांढऱ्या छत्र्या उगवायच्या. आतून वाळवी लागायची, आणि एक दिवस कुणाच्या तरी बुटाची टाच लोण्यात सुरी जावी तशी आत जायची. गेटापासून काम काढत काढत गुहेपर्यंत पोचावं, तोवर गेटापाशी पुन्हा कुजायला सुरुवात झालेली असायची. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. शाळेत मास्तर त्याला म्हणायचे, "तुझं पुढचं पाठ, मागचं सपाट!" तेव्हा कुठे ठाऊक होतं की हाच पुढे जन्माचा धंदा होणार आहे.

मूळचा तो कपाटं करणारा सुतार. शहरातल्या एका कारखान्यात दारं, टेबलं, कपाटं करायचा, तीही अशी, की खणात पाणी ओतलं तर गळू नये. कारखाना बंद पडला, नवं लग्न झालेलं होतं, आणि कुणीतरी सांगितलं की उद्यानात सुतार हवाय. "सहा महिने काढू," असं बायकोला सांगून तो आला. सहा महिन्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गेटाबाहेरच्या चाळीतल्या दोन खोल्यांत मुलगी जन्मली, शिकली, लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. बायकोला विश्रामगृहाच्या धुलाईखान्यात काम मिळालं. त्या हवेत चादर वाळवणं म्हणजे माशाला टॉवेलने पुसण्यासारखं. म्हणजे घरातली दोन्ही माणसं जन्मभर ओलीशीच भांडत होती, एक जंगलात आणि एक विश्रामगृहामागच्या दोरीवर.

या कामाने फळीदादाची मान खाली गेली ती गेलीच. नजर कायम पुढच्या फळीवर. पाहुणे विचारायचे, "दादा, ते निळं पाखरू कुठलं हो?" तो म्हणायचा, "वरच्या बाजूचं मला विचारू नका. खालच्या बाजूचं विचारा." लोक हसायचे. त्यांना तो विनोद वाटायचा. पण त्याला खरंच वर बघायला सवड नव्हती, आणि पुढे सवड मिळाली तरी मान वर होईना. बोटांची पेरं सुजली. पाठ संध्याकाळी उघडझाप करणाऱ्या गंजक्या बिजागरीसारखी कुरकुरायची. त्याहून वाईट म्हणजे डोकं कधी कामावरून उतरायचंच नाही. लेकीच्या लग्नात हॉलमधल्या स्टेजवर चढताना त्याने आधी टाच आपटून पाहिली होती. व्याही बघत राहिले. बायकोने कोपराने ढोसलं, "अहो, इथे तरी!"

मग एका दुपारी साहेबांनी त्याला ऑफिसात बोलावलं आणि खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच तो समजला की काहीतरी आहे.

टेबलावर राखाडी रंगाच्या फळीचा एक तुकडा होता. दिसायला लाकूड, हाताला लाकूड नाही.

"हे बघा, दादा," साहेब म्हणाले. "लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून बनवतात. कुजत नाही, वाळवी लागत नाही, शेवाळ धुतलं की गेलं. सगळी वाट आता याची करायचं ठरलंय. बाहेरची मंडळी येऊन बसवून जातील. मग..." साहेबांना पुढचं बोलवेना. ते चांगले गृहस्थ होते. "तुमची निवृत्ती थोडी अलीकडे घेऊ या, असं वरून आलंय. पेन्शनला धक्का नाही लागणार. मला खरंच वाईट वाटतंय."

फळीदादाने तो तुकडा उचलला, नख रुतवून पाहिलं. रुतलं नाही. वास घेतला. वास नव्हता.

"म्हणजे हे परत परत बदलावं लागणार नाही?"

"आपल्या हयातीत तरी नाही."

"बरं," तो म्हणाला आणि उठला.

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माणूस दुःख आतल्या आत गिळतोय, असं त्यांना वाटलं. पण फळीदादाला आत जे वाटत होतं ते निराळंच होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. त्याला हायसं वाटत होतं. इतकं, की जिना उतरताना टाच आपटून पाहायचंही तो विसरला.

घरी बातमी कळली तशी बायको पेटली. "राबराब राबवून घेतलं आणि आता म्हणे प्लास्टिक! तुम्ही गप्प बसून आलात? दोन शब्द सुनवायचे नाहीत?"

"मला झोप आलीये," तो म्हणाला.

"अगं बाई, धक्का बसलाय यांना," असं स्वतःशीच पुटपुटत तिने लेकीला फोन लावला. लेक तिकडून रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, मनाला लावून घेऊ नका हं."

"मनाला नाही गं लागलेलं, पाठीला लागलंय. आणि तेही आता थांबेल."

"बघ, कसं बोलतायत," बायको फोनमध्ये म्हणाली.

शेवटी त्याने समजावायचा नाद सोडला. ज्या कामावर घर उभं राहिलं ते सुटलं आणि आपल्याला बरं वाटतंय, हे कुणाला पटणार? त्याला स्वतःलाच ते नीटसं पटत नव्हतं. म्हणून येणारेजाणारे हळहळले की तोही मान हलवायचा. मान नाहीतरी खालीच होती, त्यामुळे चेहरा दुःखी दिसायला फारसं काही करावं लागत नव्हतं.

निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, चहा झाला, आणि साहेबांनी त्याच्या हातात एक चकचकीत कार्ड दिलं. वर्षभर, सहकुटुंब, उद्यानात मोफत प्रवेश. टाळ्या पडल्या. परतताना अर्धी वाट बायको ते कार्ड उलटंसुलटं करून बघत होती. मग म्हणाली, "ज्या घरात जन्मभर झाडू मारला, त्याच घरात येऊन बसायचं आमंत्रण! धन्य आहे." फळीदादाला हसू आलं. कार्ड कपाटावर पडलं.

पुढचे काही आठवडे तो झोपला. सकाळी झोपे, दुपारी झोपे. पाऊस कोसळायला लागला की सवयीने दचकून उठायचा, ओढ्याजवळचा वासा कसा असेल म्हणून. मग आठवायचं की आता ते दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे. तो कूस बदलायचा. शेजारीण म्हणाली, "काम सुटलं की माणूस असाच खचतो." बायकोलाही आता तीच काळजी लागली. एका सकाळी तिने कपाटावरचं कार्ड काढलं आणि पदराने पुसलं.

"मला गुहा बघायची आहे."

"त्यात काय बघायचंय? अंधार आहे."

"असू दे. माझ्या नवऱ्याने आयुष्य कुठे घातलं ते तरी बघते."

आणि खरंच, तिने गुहा पाहिली नव्हती. आधी पोर लहान होतं. मग धुलाईखान्यात तिला सुट्टी मिळायची तीही नेमकी उद्यान बंद असायचं त्याच दिवशी. गेटापासून हाकेच्या अंतरावर राहून ती जंगलाच्या आत कधी गेलीच नव्हती.  फळीदादाने बूट शोधले.

बायकोने धुलाईखान्यात रजा टाकली आणि दुपारच्या तुकडीबरोबर ते निघाले. वाट दाखवायला एक तरतरीत मुलगी होती. ती त्याला ओळखत होती. "दादा, आज तुम्ही पुढे चला," ती म्हणाली.

"नको बाई. आज मी पासावर आलोय." तो सगळ्यांच्या मागे राहिला.

नव्या फळ्या मुक्या होत्या. जुन्या वाटेवर प्रत्येक पावलाला आवाज असायचा. कुठे ठक्, कुठे कुर्र, आणि कुठे तो भुसभुशीत, नको असलेला फस्. इथे नुसती शांतता. त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण वाईट वाटलं म्हणावं तर तसंही नाही. तो चालत राहिला, नजर खाली. बायको मात्र पहिल्या वळणालाच हरखली. केवढाले बुंधे, झाडांवर वाढलेली झाडं, वेलींचे दोर, पानांतून गाळून येणारा हिरवा उजेड. "अहो, वर बघा की!"

"मान वळत नाही."

तुकडीत गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक काका होते. मोठ्या उंबराशी त्यांनी हात वर केला, सगळे थांबले. "धनेश!" ते कुजबुजले. "जोडी आहे. हलू नका." फळीदादाला तेवढ्यात बाक दिसला. त्याने स्वतः केलेला, अजून शाबूत असलेला. तो बसला. सगळे श्वास रोखून वर बघत होते, आणि त्या शांततेत त्याचे डोळे मिटले.

जाग आली ती बायकोने हलवल्यावर. "गेले!"

"कोण?"

"पक्षी! केवढी चोच होती! पंखांचा आवाज तर असा, कुणी मोठं सूप घेऊन पाखडतंय जसं. सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही घोरत होतात."

"घोरत नव्हतो."

"काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं, त्यांना वाटलं रानडुक्कर आलं."

जवळचे दोघेतिघे हसले. तोही हसला. फार दिवसांनी, मोकळेपणाने.

गुहेच्या तोंडाशी बायकोने त्याचं कोपर घट्ट धरलं. आत वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र दर्प होता, आणि वर डोक्यावर न दिसणाऱ्या कशाची तरी चिवचिव. मुलीने टॉर्चचा झोत छताकडे नेला. वरून दगडाचे सुळके लोंबत होते, खालून तसेच वर आले होते. "हे सगळं थेंबांनी झालंय," ती सांगत होती. "थेंब पडतो, त्यातला चुना मागे राहतो. बोटभर वाढायला आपल्या कितीतरी पिढ्या जातात."

"काय चिकाटी आहे पाण्याची!" काका म्हणाले.

फळीदादा बायकोच्या कानाशी म्हणाला, "हेच पाणी. इथे थेंब थेंब पडून दगड वाढवतं. बाहेर थेंब थेंब पडायचं आणि माझी फळी जायची."

 कोपरावरची बायकोची पकड बदलली. आधी घाबरून धरलं होतं, आता नुसतं धरलं.

परत गुहेच्या तोंडाशी आले तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. वारा सुटला, मग पाऊस, आणि मग जवळच कुठेतरी हाडं मोडावीत तसा कडकड आवाज झाला. पुढच्या वळणाच्या अलीकडेच एक झाड वाटेवर आडवं पडलं होतं. फांद्यांचं जाळं माणसाच्या उंचीपेक्षा वर. दोन्ही बाजूंना दलदल. मुलीने वॉकी-टॉकीवरून ऑफिसला कळवलं. उत्तर आलं की माणसं निघतायत, तोवर सगळ्यांनी गुहेच्या तोंडाशीच थांबावं. कुणाला काही झालेलं नव्हतं. पण लोक चुळबुळ करायला लागले. कुणाची बस होती, कुणाला नुसताच धीर नव्हता.

आणि हळूहळू सगळे फळीदादाकडे बघायला लागले.

"दादा," मुलगी चाचरत म्हणाली, "कपारीत ती तुमची हत्यारांची पेटी अजून आहे ना? करवत असेल त्यात."

"तुम्ही तर इथलेच," काका म्हणाले. "एकदोन फांद्या कापल्या तरी वाट होईल. आम्ही लावू हात."

करवत होती. कुठली फांदी आधी कापायची हेही त्याला दिसत होतं. त्याचा हात सवयीने गुडघ्यावर गेला, अंग पुढे झालं. उठणार, एवढ्यात पाठीतून एक कळ गेली. नेहमीचीच. आणि त्याला एकदम उमगलं, की आज उठलो तर पुन्हा कधी बसू देणार नाही आपण स्वतःलाच.

"करवत आहे," तो म्हणाला. "पण मी नाही कापणार. माणसं येतायत."

कुणी घड्याळात पाहिलं, कुणी आडव्या झाडाकडे.  फळीदादाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता बायको म्हणेल, अहो, शोभतं का हे, उठा. तो वाट बघत होता.

बायको पुढे झाली. "ते रिटायर झालेत," ती सगळ्यांना म्हणाली. धुलाईखान्यात डागाळलेली चादर परत पाठवताना काढायची तोच ठाम आवाज. "भरपूर केलंय त्यांनी. डोक्यावर छप्पर आहे, बसू या सगळे. तुम्हीही बसा काका, पाय दुखले असतील."

आणि ती स्वतःच एका सपाट दगडावर बसली. मग एकेक करून बाकीचेही बसले.

पाऊस ओसरला. उजेड कमी व्हायला लागला आणि गुहेच्या आत काहीतरी हललं. आधी सळसळ, मग वाऱ्याचा झोत यावा तसा आवाज. मुलगी म्हणाली, "बघा आता." आतून वटवाघळं बाहेर पडायला लागली. दहावीस नाही. धुराचा लोट निघावा तशी. वळसे घेत, वेटोळं घालत, आकाशात लांब पट्टा ओढल्यासारखी झाडांवरून निघाली. आणि त्याच वेळी बाहेरून पाकोळ्या परत यायला लागल्या. दिवसभर हवेत फिरलेल्या त्या चिमुकल्या काळ्या पक्ष्यांचे थवेच्या थवे गुहेत शिरत होते. जाणारे आणि येणारे एकाच दारातून, एकमेकांना न धडकता. एकाची पाळी सुरू, दुसऱ्याची संपलेली.

फळीदादाने वर बघायचा प्रयत्न केला. मान अर्ध्यात अडकली. मग त्याने रेनकोटची घडी केली, डोक्याखाली घेतली आणि दगडावर सरळ उताणा झोपला. आता सगळं दिसत होतं. बायकोने इकडेतिकडे पाहिलं आणि तीही त्याच्या शेजारी आडवी झाली. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

"हे रोज होतं?" त्याने मुलीला विचारलं.

"रोज, दादा. तुम्ही पाहिलं नव्हतं?"

"आमची सुट्टी चार वाजता व्हायची."

बायको हळूच म्हणाली, "तेव्हा मी दोरीवरून चादरी काढत असायची." मग थोड्या वेळाने, "वाईट वाटतंय का हो?"

त्याने विचार केला. "नाही. वाईट वाटून घ्यायलाही अंगात जोर लागतो." आणि मग, "पण बरं झालं तू आणलंस."

माणसं आली तेव्हा दिवे लागले होते. यंत्राच्या करवतीने त्यांनी झाड फाडलं. खाली दोन नव्या फळ्या तडकल्या होत्या. त्यांचा म्होरक्या फळीदादाला बघून खूश झाला. "दादा, बरे भेटलात. या कशा बदलायच्या हो?"

"खोक्यावर लिहिलेलं असेल बघ," फळीदादा म्हणाला आणि बायकोचा हात धरून तुकड्यांवरून पलीकडे गेला. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट चाळभर झाली. कुणी म्हणालं, माणूस बदलला. कुणी म्हणालं, आळशी झाला. साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते नुसते हसले म्हणे.

बायकोला मात्र जंगलाची चटक लागली. तिने धुलाईखान्यातली सुट्टी बदलून घेतली आणि दर आठवड्याला ती एकटीच कार्ड घेऊन आत जायला लागली. पक्ष्यांची नावं ती हमखास चुकीची सांगायची, पण आवाज बरोबर काढायची. फळीदादा क्वचितच जायचा, आणि गेला तरी उंबराजवळच्या बाकाच्या पुढे नाही. लेकीने दोघांना आपल्याकडे राहायला बोलावलं. "तुझ्याकडे लिफ्ट बंद असते," म्हणून त्याने टाळलं. दिवसभर काय करता, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "बसतो. कंटाळा आला की उठतो. मग परत बसतो." हे तो थट्टेने सांगत नसे. त्याची बोटं अजून दुखायची, पण सकाळी मुठी मिटायला आता कमी वेळ लागायचा.

अशाच एका संध्याकाळी बायको चिंब भिजून आली. घोट्याला जळू चिकटलेली. फळीदादाने मीठ लावून ती काढली, पाणी तापवलं, घमेल्यात ओतलं आणि तिचे पाय त्यात ठेवले. ती सांगत होती. ओढ्याच्या पलीकडे एक लाल पोटाचं पाखरू, त्याची शेपटी अशी, त्याने पान कसं उलटलं, आणि दुर्बीणवाले काका पुन्हा आले होते, ते काय म्हणाले. खोलीत ऊब होती. त्याचे डोळे जड होत होते.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. निम्मं तरी ऐकतच होता.